ऐका हो ऐका, किंमत मात्र समक्ष

सकाळी सहाच्या सुमाराला मारुतीच्या देवळावरचा भोंगा आधी खाकरतो. मग दोनदा फुंकतो. मग "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतो. हा माईक गेली कित्येक वर्षं रोज तपासला जातो आणि रोज पास होतो, तरी त्याच्यावर कुणाचा विश्वास म्हणून बसत नाही. त्यानंतर मुख्य मजकूर येतो : "समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं, सोसायटीत युरिया आलेला आहे. पाहिजे आसंल त्यांनी आधार कार्ड घिऊन ताबडतोब यावं."

तोवर युरिया संपलेला असतो. ट्रक रात्री साडेदहाला आला तेव्हा स्टँडवरचा पानवाला जागा होता. त्यानं मेव्हण्याला फोन केला, मेव्हण्यानं चुलत्याला, आणि पहाटे चारला सोसायटीच्या दारात चपलांची रांग लागली. माणसं घरी जाऊन झोपली, नंबर चपलांनी धरला. भोंगा ऐकून युरिया आणायला कुणी जात नाही. भोंगा ऐकून माणूस एवढंच ठरवतो, की आता जाण्यात अर्थ नाही.

सांगोला, आटपाडी, जत, माण या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजारगावात चार दिवस राहिलं, की गावाचा हा स्वभाव ध्यानात येतो. जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे ते गाव भोंगा लावून, फ्लेक्स लावून, रिक्षा फिरवून सांगतं. आणि जे विचारायला पाव्हणा पहाटेच्या एसटीनं उठून आलेला असतो, म्हणजे किंमत, ती मात्र टॉवेलाखाली झाकून ठेवतं.

भोंग्याच्या आधी दवंडी होती. "ऐका हो ऐका" म्हणत, हलगी वाजवत एक माणूस वेशीपासून वेशीपर्यंत जायचा. सिनेमानं ती दवंडी फार गोड करून ठेवली आहे. गावाच्या इतिहासात ती तेवढी गोड नव्हती. जाहीर करायचा हुकूम पाटलाचा आणि पायपीट महाराची, तीही वतनाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या, मूठभर बलुत्यावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं, आणि ही वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं. गावातली कुठलीही गोष्ट मोडायला किती वेळ लागतो याचा तेवढा एक आकडा लक्षात ठेवावा आणि पुढं जावं.

आता दवंडीचं काम उरलं आहे ते मुख्यतः ग्रामसभेपुरतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांची नोटीस आधी लावावी लागते. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. हा फलक म्हणजे भिंतीवरची काचेची पेटी, तिला कुलूप, आणि किल्ली मागच्या सरपंचांच्या काळात हरवलेली. त्यामुळं आतली नोटीस मागच्या सरपंचांच्या काळातलीच आहे आणि नवी नोटीस काचेवर बाहेरून चिकटवली जाते. दोन्हींतलं एकही वाचता येत नाही, कारण समोरच्या पत्र्याच्या शेडवरून ऊन थेट काचेवर येतं. वाचता येते ती फक्त शेवटची ओळ : "सदर नोटीस कोणी फाडू नये." फाडायला जवळ कोण जातंय?

ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. आणि कायद्याची गंमत अशी, की तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. जाणकार सदस्य म्हणूनच पहिल्या सभेला येत नाहीत. ते दुसऱ्या सभेला येतात, शांतपणे बसतात, चहा घेतात आणि घरकुलाची यादी मंजूर करून जातात. गावाला नंतर कळतं. म्हणजे तसं आधीच कळलेलं असतं, नंतर ते भोंग्यावरून सांगतात.

तलाठ्यांच्या कार्यालयाबाहेरही नोटिसा असतात. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्यांना 'ग्राम महसूल अधिकारी' असं नवं नाव दिलं आणि ग्रामसेवकांना 'ग्रामपंचायत अधिकारी' असं. दारावरची पाटी नवी झाली. पाटीखाली खडूनं लिहिलेली "साहेब मीटिंगला तालुक्याला गेले आहेत" ही सूचना मात्र जुन्याच अक्षरात आहे. ती पुसली जात नाही, कारण ती कधी ना कधी खरी ठरतेच.

तर हे झालं सांगण्याचं. आता झाकण्याकडं येऊ, कारण गावाची खरी बुद्धी तिथं खर्च होते.

जनावरांचा बाजार पहाटे भरतो. अंधारात टेम्पोतनं बैल उतरतात, खुंट्याला बांधले जातात, त्यांच्या शिंगांना तेल, अंगावर पाण्याचा हात. हा खिल्लाराचा मुलूख. खिल्लार म्हणजे पांढरा, लांब शिंगांचा, तापट आणि उन्हाला न भिणारा. या जातीचे पोटप्रकार आहेत : आटपाडी महाल, म्हसवड, खानदेशातला तापी थिल्लारी, आणि चौथ्याचं नाव चक्क 'नकली'. जनावरांच्या सगळ्या बाजारात स्वतःचं नाव नकली असल्याचं उघड सांगणारा तेवढा एक तो बैल. त्याचा मालक मात्र त्याला महालच म्हणून सांगतो.

घेणारा आधी बैलाचं तोंड उघडतो. दात हे जनावराचं जन्मदाखल्याचं पुस्तक. दुधाचेच दात असले तर अदात. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की दोन दाती, मग चार, मग सहा, आणि आठही दात आले की तो 'जुळला'. जुळेपर्यंत वय लपवता येत नाही. एकदा जुळला, की मालक मोकळा. 'जुळलेला' या एका शब्दात पाच वर्षांपासून पुढचं सगळं आयुष्य मावतं. "कवा जुळला?" असं विचारलं, की मालक बैलाकडं बघतो, बैल आभाळाकडं बघतो. "औंदाच की!" हे उत्तर मिळतं. औंदा म्हणजे कोणतं साल, ते विचारायची पद्धत नाही.

मग हेडी येतो. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी, नाहीतर दलाल, आणि बहुतेक वेळा दोन्ही. तो घेणाऱ्याला ओळखतो, विकणाऱ्याला ओळखतो, बैलालाही ओळखतो, कारण मागच्या महिन्यात त्यानंच तो दुसऱ्या बाजारात विकलेला असतो. तो खांद्यावरचा टॉवेल काढून विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि आपला हात आत घालतो. वर दोघांचे चेहरे मख्ख. आत बोटं धरणं, दाबणं, सोडणं. एक बोट म्हणजे एक, चार म्हणजे चार, पंजा म्हणजे पाच. मात्र एक म्हणजे एक हजार की दहा हजार, ते समोरच्या बैलाकडं पाहून समजून घ्यायचं असतं. ज्याला ते समजत नाही त्यानं बाजारात येऊ नये, शेळी घ्यावी.

भोवती वीस माणसं उभी असतात. ती नुसती बघायला आलेली असतात, आणि टॉवेलावरच्या सुरकुत्या पाहून किंमत सांगतात. "पंच्याहत्तर झालं." "छ्या, हात हलला कुठं? अजून साठावरच हाय." इतक्या बारकाईनं ही माणसं स्वतःचा सातबारा वाचत नाहीत.

टॉवेल निघाला, की तोंडी भाग सुरू.

"मालक, असं करू नगा. पाव्हणा लांबनं आलाय."

"लांबनं आलाय म्हणून बैल धाकला झालाय व्हय?"

"वरचं दोन सोडा."

"वरचं दोन सोडलं तर खालचं काय ऱ्हातंय?"

यात आकडा एकदाही येत नाही. वरचं, खालचं, मधलं, एवढ्यावर अर्धा तास निघतो. पूर्वीच्या दलालांची यासाठी स्वतंत्र भाषाच होती. नंदभाषा म्हणत तिला. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, आणि रुपयाला भुरका. जुन्या मराठी कोशांत ती नोंदलेली आहे, म्हणजे दलालांनी जपलेली गुप्त भाषा छापून बाहेर आली. मग गुप्तपणा राहिला तो फक्त टॉवेलात.

सौदा ठरला, की त्या एका बैलाच्या चार किमती होतात. टॉवेलाखालची एक. पावतीवरची दुसरी. घरी कारभारणीला सांगायची तिसरी, ती सगळ्यांत कमी. आणि पारावर सांगायची चौथी, ती सगळ्यांत जास्त. बैल एकच असतो आणि तो चारही ऐकून रवंथ करत असतो.

शर्यतीच्या बैलाला पाचवी किंमत असते, ती बातमीतली. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि आमच्याकडं ज्या खोंडाला नांगराला कुणी विचारत नव्हतं त्याचे फोटो एकाएकी चौकात लागले. बैलाला टोपणनाव आलं, चाहते आले, वाढदिवस आला. ट्रॅक्टरनं बेकार केलेला प्राणी फ्लेक्सवर जाऊन बसला. काही पुढाऱ्यांचंही असंच झालं आहे, पण ते असो.

टॉवेलाखालचा व्यवहार बंद व्हावा म्हणून सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते चालू आहेत. वऱ्हाडात कारंजा इथं १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मग १९२८ मध्ये शाही शेती आयोगानं अहवाल दिला, की शेतकऱ्याला बाजारात वजनात, कटतीत आणि भावात नाडतात, तर नियंत्रित बाजार देशभर करा. वतनाचं विधेयक आणि हा अहवाल एकाच वर्षातले. दोन्हींचं काम गावात अजून पुरतं झालेलं नाही. मुंबई इलाख्यात १९३९ साली कायदा झाला, महाराष्ट्रात १९६३ साली. भाव उघड लिलावानं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून ठरला पाहिजे, असं ठरलं. धान्याच्या आणि कांद्याच्या बाजारातनं टॉवेल गेला. जनावरांच्या बाजारात तो खांद्यावरच होता, तिथंच राहिला. उन्हाळ्यात घाम पुसायला म्हणून ठेवला आहे असं सांगतात. पावसाळ्यात डोकं पुसायला.

आता उघड लिलाव कसा असतो ते पाहू. कांद्याच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कुणी दोन कांदे उचलतो, कुणी एक फोडतो, कुणी मोबाईलवर बोलत नुसताच उभा असतो. लिलाव पुकारणारा माणूस इतक्या वेगानं आकडे म्हणतो, की भजनी मंडळाला हेवा वाटावा. अकरा, साडेअकरा, बारा, बारा पंचवीस, गेला. एका ट्रॉलीवर मिनिटसुद्धा जात नाही. सहा महिने पाणी दिलं, खुरपलं, काढलं, चाळीत घातलं, त्या मालाचा निकाल लागला आणि घोळका पुढं सरकला. मालक शेजाऱ्याला विचारतो, "कितीला गेला आपला?" शेजारी सांगतो, "माजा किती झाला ते तुमाला कळलं का?" सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून भाव ठरलेला असतो. कायद्याला अपेक्षित ते सगळं झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. बाजारभाव तीन आकड्यांत देतात : किमान, कमाल, सरासरी. मथळ्यात कमाल जातो. ज्या एका शेतकऱ्याच्या चार गोण्या त्या भावाला गेल्या त्याचा फेटा बांधलेला फोटो येतो. तो मथळा वाचून तिसऱ्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या चाळी रिकाम्या होऊन बाजारात येतात आणि मथळ्यातल्या भावाचा किमान होतो. शेजारच्या चौकटीत "आवक वाढल्याने दर कोसळले" अशी बातमी असते. ती वाचायला कुणी शिल्लक नसतं, सगळे ट्रॉलीवर असतात.

मग हिशोबपट्टी. तीत हमाली, तोलाई, गाडीभाडं, बारदाना. २०१६ मध्ये फळं-भाज्यांवरची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, घेणाऱ्याकडून घ्यायची असा निर्णय झाला, तेवढी एक ओळ कमी झाली. बाकीच्या ओळी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. सगळा खर्च वजा जाता त्याला मिळाले २ रुपये ४९ पैसे. चेक दोन रुपयांचा निघाला, तोही पुढच्या तारखेचा. विनोदी लेख लिहिणाऱ्यानं अशा ठिकाणी हात आखडता घ्यावा, कारण त्याच्याआधीच कुणीतरी बाजी मारलेली असते. त्या चेकवर कारकुनानं सही केली होती, तारीख घातली होती, आकडा अक्षरी लिहिला होता.

मंडईतल्या बायकांचं मात्र वेगळं आहे. आठवडी बाजारात गोणपाटावर वांगी, गवार, कोथिंबीर मांडून बसलेली मावशी किंमत लपवत नाही. "धाला वाटा." झालं. घासाघीस करायची तर ती म्हणते, "भवानीचा टाइम हाय, तोंडातनं न्हाई काढू नगा," आणि दहा रुपये कपाळाला लावूनच घेते. वर चार मिरच्या स्वतःहून देते. मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं झाली, तरी ज्वारी विकायला बसलेली म्हातारी पायलीनं बोलते आणि किलोनं घालते, आणि दोन्हींचा मेळ तिच्या डोक्यात बसलेला असतो. तिच्याकडं लिहिण्यासारखा विनोद नाही. व्यवहार सरळ असला, की लेखकाची पंचाईत होते.

टॉवेलाचा खरा वारस कोण, हे हल्ली मोबाईलवर दिसतं. गावोगावी खरेदी-विक्रीचे ग्रुप आहेत. कुणी गायीचा फोटो टाकतं. फोटोत गाय, गायीशेजारी मालक, मालकाशेजारी त्याचा मुलगा, मागं ट्रॅक्टर आणि त्यामागं बांधकाम अर्धवट राहिलेलं घर. खाली मजकूर : "एचएफ गाय विकणे आहे. दुसरं वेत. वीस लिटर. गरीब. खोड नाही. घरगुती अडचणीमुळे. व्यापाऱ्यांनी फोन करू नये. किंमत समक्ष."

हा मजकूर वाचायला शिकावं लागतं. "वीस लिटर" हे दिवसाचं की टायमाचं, ते लिहिलेलं नसतं. विचारलं तर दिवसाचं निघतं, आणि तो दिवस गेल्या दिवाळीतला. "गरीब" म्हणजे मालकाच्या हाताला गरीब. तुमच्या हाताला ती काय आहे हे तुम्हाला धार काढायला बसल्यावर कळेल. "खोड नाही" असं मुद्दाम लिहिलेलं असलं, तर कोणती ते विचारावं. "घरगुती अडचण" म्हणजे गायच. आणि "व्यापाऱ्यांनी फोन करू नये" असं लिहिणारा शंभरात नव्वद वेळा व्यापारीच असतो. त्याला स्पर्धा नको असते.

खाली प्रश्न सुरू होतात. "किंमत?" "पर्सनलला या." "किंमत सांगा ना." "समक्ष." "अंदाजे?" "गाय बघून बोलू." मध्येच कुणीतरी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ पाठवतं. कुणी म्हणतं, "सडाचा फोटो टाका." तो टाकला जातो. मग कुणी "हीच गाय मागच्या रविवारी बाजारात होती" असं लिहितं, आणि ॲडमिन "ग्रुपवर फक्त खरेदी-विक्री, वाद नको" असा दम भरतो. ॲडमिन एका पक्षाचा गणप्रमुख असतो आणि "राजकीय पोस्ट टाकू नये" ही सूचना त्यानं निवडणुकीच्या तोंडावर फक्त विरोधकांसाठी केलेली असते.

गाय तीन दिवसांत विकली जाते. जाहिरात जात नाही. ती एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, सांगोल्याहून नांदेडला, नांदेडहून नंदुरबारला फिरत राहते. दोन वर्षांनी रात्री नऊला फोन येतो : "गाय हाय का?" गाय तोवर तिसऱ्या मालकाकडं चौथं वेत देत असते. या पाव्हण्याला तरी मालक किंमत सांगतो का? नाही. म्हणतो, "या एकदा समक्ष."

जुन्या ट्रॅक्टरची जाहिरातही अशीच. "सिंगल हँड, टायर ऐंशी टक्के, कागदपत्र क्लिअर." सिंगल हँडमध्ये थोरला भाऊ, धाकटा भाऊ, मेव्हणा आणि ऊसतोडीचा मुकादम यांचे हात मोजत नाहीत, कारण ती घरचीच माणसं.

जमिनीच्या बाबतीत झाकण्याची कला शिगेला पोचते, कारण तिथं कायदाच जाहीर करायला लावतो. वकील जिल्ह्याच्या पेपरात जाहीर नोटीस देतात : तमाम लोकांस कळविण्यात येते, की खालील वर्णनाची मिळकत आमचे पक्षकार खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कागदपत्रांनिशी कळवावे, नपेक्षा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. नोटीस अशा पेपरात दिली जाते जो गावात एकाच्याही घरी येत नाही, आणि अशा पानावर जिथं नजर जायला चष्मा पुरत नाही. पण चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमुक, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. तालुक्याला कटिंगला गेलेला कुणी एक जण सलूनमध्ये तो पेपर चाळतो, चतुःसीमेतल्या पूर्वेच्या माणसाला ओळखतो, आणि संध्याकाळपर्यंत सख्खा भाऊ हरकतीसाठी दुसरा वकील गाठतो. मिळकत 'निर्वेध व बोजाविरहित' असल्याचं नोटिशीत लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतोच. आमच्याकडं बोजा नसलेल्या सातबाऱ्याकडं लोक संशयानं बघतात.

फ्लेक्सचं याच्या उलट. तिथं झाकायचं काहीच नाही. चौकाच्या चारी कोपऱ्यांवर चार फ्लेक्स, प्रत्येकावर एक मोठा चेहरा आणि खाली गोलात तीस छोटे चेहरे. मोठा चेहरा कुणाचा, हे गाव पाहतही नाही. गाव गोल मोजतं. कुणाचा गोल गेल्या वर्षी दुसऱ्या रांगेत होता आणि औंदा चौथीत गेला, कुणाचा वगळला, आणि वगळलेल्यानं पुढच्या आठवड्यात स्वतःचा फ्लेक्स लावताना कुणाकुणाला घेतलं. उद्याची पंचायत कुणाची, ते या गोलांवरून कळतं. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला वारंवार फटकारलं आहे; आमच्याकडं एका फ्लेक्सवर "विनापरवाना फलक लावू नयेत" असं आवाहन होतं, खाली शुभेच्छुकांची नावं होती, आणि परवाना नव्हता.

दुखवट्याचा फ्लेक्स वेगळ्या जातीचा. गेलेल्या माणसाचा फोटो लग्नातला, फेट्यातला, कारण तेवढाच एक बरा फोटो. खाली दशक्रियेचं स्थळ, वेळ, आणि प्रवचनकाराचं नाव ठळक. दशक्रियेला पुढारी येतात, श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि ज्या माणसाला आयुष्यभर डीपीच्या वर्गणीवरून शिव्या मिळाल्या तो गावाच्या विकासाचा महामेरू होऊन जातो. भाषणं लांबतात तसा नदीकाठी पिंड ठेवलेला असतो तिथला कावळा उठून जातो. मग सगळे भाषण करणाऱ्याकडं बघतात.

एक मान्य करायला हवं, फ्लेक्स वाया जात नाही. कार्यक्रम झाला, की त्याच रात्री तो उतरतो आणि कडब्याच्या गंजीवर, कांद्याच्या चाळीवर, नाहीतर म्हशींच्या गोठ्यावर जातो. चांगल्या जाडीचा असला तर दोन पावसाळे काढतो. म्हणून निवडणुकीच्या काळात आमचे शेतकरी कापडाला हात लावून उमेदवार बघतात.

हरवलं-सापडलंच्या सूचना या सगळ्यांत प्रामाणिक. "तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका, काल संध्याकाळपासून दिसत नाही. आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस." योग्य म्हणजे चहा. कालवड दुसऱ्याच्या मक्यात सापडते, म्हणजे तिला हरवलं कुणी म्हणायचं हाच प्रश्न. मक्याचा मालक तिला कोंडवाड्यात घालायची भाषा करतो. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा, इंग्रजांच्या काळातला. गावाला त्या कायद्याचं नाव ठाऊक नाही, पण त्याची धमकी कशी द्यायची ते नीट ठाऊक आहे. शेवटी मक्याच्या नुकसानीची बोलणी होतात. ती बसून, शांतपणे, पारावर, आणि मध्ये कुणीतरी हळूच टॉवेल टाकतं.

तर आमच्या बाजाराला यायचं असेल तर भोंग्याची, फ्लेक्सची किंवा मोबाईलची वाट बघू नका. आदल्या संध्याकाळी या आणि गाय घ्यायची असली तर मालकाच्या गोठ्यावरच मुक्काम करा. रात्रीची धार डोळ्यांसमोर काढायला लावा आणि सकाळची स्वतः काढा, कारण एक धार चुकवून कास तुंबवलेली गाय बाजारात फार देखणी दिसते. दात स्वतः मोजा. चहाचे पैसे घेणाऱ्यानं द्यायचे असतात, सौदा फिसकटला तरी. आणि येताना दावं घरून आणा. आमच्याकडं जनावर विकतात, दावं विकत नाहीत.